उलव्यात घर घ्यायचं म्हणता?

नवी मुंबई विमानतळाला केंद्र सरकारने मंजुरी दिली २००७ साली. पर्यावरणाची परवानगी २०१० मध्ये मिळाली, भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झालं, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि प्रवासी विमानं उडू लागली ती २५ डिसेंबर २०२५ पासून. या अठरा वर्षांत उलवे, द्रोणागिरी, करंजाडे आणि पनवेलच्या चोहोबाजूंनी जेवढी घरं विकली गेली, त्यांतल्या बहुतेकांच्या जाहिरातीत एक वाक्य ठरलेलं होतं: विमानतळापासून दहा मिनिटांवर. विमानतळ तेव्हा कागदावर होता, दहा मिनिटंही कागदावरच होती. घराचा भाव मात्र रोख मोजावा लागत होता.

आता विमानतळ खरोखर सुरू झाला आहे, तर नवं वाक्य आलं आहे. घर घ्या, सजवा आणि रोजच्या भाड्याने द्या. हप्ता आपोआप सुटेल. वाढत्या वस्तीत घर आणि त्यात हॉटेलसारखे पाहुणे, अशी ही दुहेरी आशा. दोन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडून पाहण्यासारखा आहे, कारण एकातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्याने भरून निघेल असं गृहीत धरूनच बरेचजण करारावर सही करतात.

आधी वस्ती 'वर येते' म्हणजे काय होतं ते पाहू. नील स्मिथ या भूगोलतज्ज्ञाने १९७९ मध्ये एका लेखात याचं साधं स्पष्टीकरण दिलं. एखाद्या जमिनीतून आज जे उत्पन्न निघतं आणि तिचा सर्वांत फायदेशीर वापर केला तर जे निघू शकेल, या दोहोंत दरी पडत जाते. ती पुरेशी रुंद झाली की पैसा तिथे धावत येतो. मुंबईकराला यासाठी पुस्तक उघडायची गरज नाही. परळ-लालबागच्या गिरण्या डोळ्यांसमोर आहेत. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची जमीन नुसती पडून होती. १९९१ च्या विकास नियमावलीने ती विकसित करण्याची वाट उघडली, २००१ च्या दुरुस्तीने ती रुंद केली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली आणि मग लोअर परळचं जे झालं ते झालं. दरी बुजली. मात्र ती बुजताना पैसा कोणाच्या खिशात पडला, हे पाहिलं तर गिरणी कामगाराचं नाव यादीत फार खाली सापडतं, आणि २०१० नंतर तिथे 'गुंतवणूक' म्हणून फ्लॅट घेणाऱ्याचंही फार वर सापडत नाही.

उलव्यातही थर असेच आहेत. मूळची भातशेती, मिठागरं आणि खाडीकाठची खाजणं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. जमिनी संपादित झाल्या तो दर शेतकऱ्याला मान्य नव्हता. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासईला आंदोलन पेटलं, गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के योजना आली. संपादित जमिनीच्या मोबदल्यात प्रकल्पग्रस्ताला विकसित भूखंड मिळू लागले. उलव्यातल्या कितीतरी इमारती या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या आहेत. भूखंड शेतकऱ्याकडून बिल्डरकडे गेला, बिल्डरकडून फ्लॅट गुंतवणूकदाराकडे, गुंतवणूकदाराकडून दुसऱ्या गुंतवणूकदाराकडे आणि अखेर, कधीतरी, राहायला येणाऱ्या कुटुंबाकडे. या साखळीत प्रत्येकाने पुढच्याला थोडं थोडं भविष्य विकलं. तुम्ही आज घर घेत असाल तर साखळीत कितवे आहात हा पहिला प्रश्न. विमानतळाची बातमी, २०१८ ची नेरूळ-बेलापूरहून खारकोपरला आलेली लोकल, जानेवारी २०२४ चा अटल सेतू, त्याच दिवशी उरणपर्यंत वाढलेली रेल्वे, हे सगळं आजच्या भावात आधीच मोजून घेतलेलं आहे. त्यातलं काहीही तुम्हाला सवलतीत मिळणार नाही.

माझं मत असं की अशा वस्तीत भावाकडे पाहूच नये, भाडं पाहावं. भाव आशेवर चढतो. दहा गुंतवणूकदार एकमेकांना फ्लॅट विकत राहिले तरी भाव वाढलेला दिसतो, घरात एकही माणूस राहत नसला तरी. भाडं मात्र तोच देतो ज्याला उद्या सकाळी तिथूनच कामाला जायचं आहे. भाव दुप्पट झाला आणि भाडं जेमतेम पाव पट वाढलं, तर मधला फरक ही लोकांची समजूत आहे, आणि समजूत बदलायला वेळ लागत नाही.

आता आकडे. हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्या इमारतीचे नव्हेत. तुमचे आकडे घालून पाहा. ८० लाखांचा तयार वन बीएचके, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला, म्हणजे जीएसटी नाही. मुद्रांक शुल्क ६ टक्के धरलं तर ४ लाख ८० हजार, नोंदणी फी ३० हजार, दलाली आणि वकील मिळून ८०-९० हजार. म्हणजे घर ८६ लाखांना पडलं. ६० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता सुमारे ५२ हजार. महिन्याचं भाडं १८ हजार. वर्षातला एक महिना घर रिकामं, सोसायटीचा मेंटेनन्स ३ हजार, मालमत्ता कर वर्षाला ८ हजार धरला, तर हातात वर्षाला १ लाख ५४ हजार उरतात, महिन्याला साधारण १३ हजार. ८६ लाखांवर हा परतावा पावणेदोन टक्क्यांच्या थोडा वर. एप्रिल २०२० पासून पीपीएफचा दर ७.१ टक्के आहे, तोही करमुक्त.

भाड्यासाठी कोण घेतो, आपण भाववाढीसाठी घेतोय, असं यावर उत्तर येतं. ठीक. हप्त्यातून भाडं वजा जाता दरमहा ३९ हजार तुम्ही खिशातून घालता. पाच वर्षांत ते २३ लाख ४० हजार होतात. सुरुवातीचे २६ लाख धरून तुमचे ४९ लाख ४० हजार घरात गेले. पाच वर्षांनी कर्ज अजून सुमारे ५३ लाख शिल्लक असतं, कारण पहिल्या वर्षांचा हप्ता म्हणजे मुख्यतः व्याजच. विकताना एक टक्का दलाली, भांडवली नफ्यावर साडेबारा टक्के कर. सगळं मिळवलं तर ८० लाखांचं घर पाच वर्षांनी १ कोटी ५ लाखांच्या आसपास विकलं जायला हवं. तेही तुमचे घातलेले पैसे जसेच्या तसे परत मिळण्यासाठी. त्यावर एक रुपया व्याज नाही. म्हणजे वर्षाला साडेपाच टक्क्यांनी भाव वाढला तर तुम्ही पाच वर्षं फुकट राबलात. ओळखीचा कुणी 'दहा वर्षांत घर दुप्पट झालं' असं सांगतो तेव्हा त्याचा दर वर्षाला सव्वासात टक्क्यांच्याही आत भरतो, पंधरा वर्षांत दुप्पट झालं तर पावणेपाचच्या आत. अठरा वर्षं वाट पाहायला लावणाऱ्या विमानतळाच्या शेजारी हे लक्षात ठेवलेलं बरं.

इथे रोजच्या भाड्याचा विचार पुढे येतो. महिन्याला १८ हजार देणारा भाडेकरू कशाला, रात्रीला ३ हजार देणारा पाहुणा ठेवू! पंधरा रात्री भरल्या तरी ४५ हजार. ऐकायला उत्तम.

या धंद्याची सुरुवातही तशी भाडं भरता न येण्यातूनच झाली. २००७ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डिझाइनरांचं संमेलन होतं, हॉटेलं भरलेली होती, आणि घरभाड्याची चणचण असलेल्या दोन तरुणांनी आपल्या दिवाणखान्यात हवेच्या गाद्या टाकून तीन पाहुणे ठेवले. त्या तिघांत एक भारतीय विद्यार्थीही होता. एअरबीएनबी त्यातून जन्मली. त्या पहिल्या प्रयोगात घर भाड्याचंच होतं, आणि यजमान तिथेच राहत होते. गादी पसरायला आणि सकाळी नाश्ता द्यायला तेच. नंतर या कल्पनेतून यजमान हळूहळू गायब झाला आणि ६० लाखांचं कर्ज घेतलेला गुंतवणूकदार त्याच्या जागी आला. हिशेब बिघडतो तो इथे.

ते ४५ हजार पुन्हा मोजू. बुकिंगच्या कंपनीचं कमिशन १५ टक्के धरलं तर ६,७५०. तुम्ही ठाण्यात किंवा पुण्यात राहता, म्हणून किल्ली देणारा, तक्रारी ऐकणारा माणूस लागतो. तो २० टक्के मागतो, ९ हजार. पाहुणा सरासरी दोन रात्री राहिला तर महिन्याला साडेसात वेळा साफसफाई आणि चादरी-टॉवेलांची धुलाई, दर वेळी ६०० रुपये, साडेचार हजार. वीज, वायफाय, गॅस, चहा-साखर, ४ हजार. मेंटेनन्स ३ हजार, मालमत्ता कर महिन्याला ७००. पलंग, एसी, टीव्ही, पडदे, भांडी यांवर ५ लाख घातले आणि पाच वर्षांत ते झिजले, तर महिन्याला ८,३००. उरले पावणेनऊ हजार. साध्या भाडेकरूने तुम्हाला १३ हजार दिले होते, आणि त्याचा पंखा बिघडला तर तो स्वतःच इलेक्ट्रिशियन बोलावत होता.

याच आकड्यांत महिन्याला अठरा रात्री भरल्या की दोन्ही बाजू बरोबरीला येतात. वर्षभर, पावसाळा आणि परीक्षांचे दिवस धरून, दहातल्या सहा रात्री घर भरलेलं राहिलं तर तुम्ही साध्या भाड्याच्या जागी येऊन पोहोचता. वीस रात्री भरल्या तर सतरा हजार सुटतात. आता व्यवस्थापक काढून टाका, सगळं स्वतः करा: पंधरा रात्रींतही पावणेअठरा हजार मिळतात. या धंद्याचं गुपित इतकंच आहे. वरचा नफा भिंतींनी कमावलेला नसून तो रात्री अकराला आलेल्या 'गीझर चालत नाही'च्या फोनचा मेहनताना आहे. ज्याला ते काम आवडतं, जो त्याच इमारतीत किंवा शेजारच्या गल्लीत राहतो, ज्याच्या घरात दुपारी मोकळा हात असतो, त्याने खुशाल करावं. मी अशी माणसं पाहिली आहेत आणि ती चांगली कमावतात. मात्र ती हॉटेल चालवतात, त्याला गुंतवणूक म्हणू नये. कोकणातल्या आणि महाबळेश्वरच्या कित्येक घरांनी एमटीडीसीच्या निवास व न्याहारी योजनेत हेच केलं आहे: मालक घरात, पाहुणा बाजूच्या खोलीत, आणि सकाळी घावने किंवा पोहे.

गोव्याचं उदाहरण मराठी गुंतवणूकदाराला जास्त जवळचं. आसगाव, शिवोली, हणजूण या पट्ट्यात मुंबई-पुणे-दिल्लीच्या पैशाने घरं उभी राहिली ती बहुतांशी रोजच्या भाड्याच्या भरवशावर. तिथे दर मोठा मिळतो, पण वर्ष सारखं नसतं. नाताळ आणि नवीन वर्षाच्या आठवड्यात मिळणारा दर दाखवून बाराने गुणायचं, ही विक्रेत्याची जुनी युक्ती. जून ते सप्टेंबर तोच बंगला बुरशीशी झगडत असतो: भिंतीला ओल, फर्निचरला वास, तरण तलावाचा खर्च मात्र चालूच. शिवाय गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, संकेतस्थळावर घर टाकलं म्हणजे झालं असं नाही. आणि एक गोष्ट हिशेबात येत नाही: ज्या गावात घर आहे त्या गावाची सहनशक्ती. विहिरीचं पाणी, अरुंद रस्त्यावरच्या भाड्याच्या गाड्या, मध्यरात्रीचं संगीत यांवर ग्रामसभेत आवाज उठतो तेव्हा बाहेरून आलेल्या मालकाच्या बाजूने बोलणारं कुणी नसतं.

महाराष्ट्रातल्या सोसायटीत ही ग्रामसभा म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते (लोक त्याला नॉन-ऑक्युपन्सीच म्हणतात) ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे २००१ पासून ठरलेलं आहे. पण ती सोय भाडेकरूसाठी आहे, ज्याचा लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार असतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो करार लेखी आणि नोंदणीकृत असणं ही मालकाची जबाबदारी. मुदत संपूनही लायसन्सी गेला नाही तर दुप्पट रक्कम मागण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. रात्रीपुरत्या पाहुण्याला यातलं काहीच लागू होत नाही. तो कोण, कुठला, हे वॉचमनलाही ठाऊक नसतं, आणि लिफ्टमध्ये दर दोन दिवसांनी नवा चेहरा दिसला की शेजाऱ्यांची कुरबुर सुरू होते. ती कुरबुर मला रास्त वाटते. घर घेताना त्यांनी शेजारी मागितला होता.

कराचंही तेच. साध्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, पावत्या ठेवाव्या लागत नाहीत. रोजच्या पाहुण्यांसाठी नाश्ता, साफसफाई, चादरी अशा सेवा दिल्यात की ते उत्पन्न धंद्याचं धरलं जाण्याची शक्यता असते. मग हिशेबवह्या आल्या. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असेल आणि बुकिंग ऑनलाइन कंपनीमार्फत होत असेल तर जीएसटी ती कंपनीच भरते, पण तो पाहुण्याच्या बिलात येतोच. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत सरकारला कळवावं लागतं. हे न करणारे यजमान पुष्कळ आहेत, आणि एखाद्या दिवशी पोलीस दारात येईपर्यंत त्यांचं काही बिघडत नाही.

सगळ्यांत मोठा धोका मात्र नियम बदलण्याचा, आणि तो बाहेर दिसतो आहे. न्यूयॉर्कने ५ सप्टेंबर २०२३ पासून नियम असा लावला: तीस दिवसांहून कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर नोंदणी हवी, यजमान स्वतः घरात हवा आणि पाहुणे दोनच. पूर्ण फ्लॅट रोज भाड्याने देण्याचा धंदा त्या शहरात जवळजवळ बंद पडला. बार्सिलोनाच्या महापौरांनी जून २०२४ मध्ये जाहीर केलं की शहरातले १०,१०१ पर्यटक-फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचे. कारण दोन्हीकडे एकच: घरं पाहुण्यांकडे गेली आणि राहणाऱ्यांचं भाडं चढलं. या शहरांत ज्यांचं घर साध्या भाड्यावरही तरत होतं ते वाचले. ज्यांनी रात्रीच्या दरावर कर्ज उचललं होतं त्यांना विकण्यावाचून गत्यंतर नाही. आपल्याकडे असे नियम आज नाहीत म्हणून उद्या येणार नाहीत असं कर्ज देणारी बँकसुद्धा म्हणणार नाही.

तरीही उलवे. विमानतळाच्या पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे, आणि त्यातले फार थोडे विमानतळाच्या दारात रात्र काढतात. प्रवासी ठाण्याला, पुण्याला, दादरला जायला निघतो. विमानातले कर्मचारी कंपनीने करार केलेल्या हॉटेलात उतरतात. ज्यांना खरोखर जवळ राहायचं आहे ते वेगळे: सामान हाताळणारे, सुरक्षा कर्मचारी, तिकीट खिडकीवरच्या मुली, गोदामांतले कारकून, टॅक्सीवाले. पाळी पहाटे चारला सुरू होते तेव्हा लोकल नसते. अटल सेतूवरून रोज यायचं तर पूल सुरू झाला तेव्हाच मोटारीला एकेरी टोल २५० रुपये होता. त्यांना तो कसा परवडावा? ही माणसं दोघं-तिघं मिळून वन बीएचके घेतात, महिन्याच्या भाड्याने, आणि नोकरी टिकेपर्यंत हलत नाहीत. विमानतळाने आणलेली मागणी ती ही, आणि ती मासिक भाड्याची आहे.

म्हणून तिथल्या एजंटकडे गेलात तर भाव काय चाललाय हे विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा. गेल्या तीन वर्षांत याच इमारतीतलं भाडं किती होतं, आणि रिकामं झालेलं घर किती दिवसांत पुन्हा भरलं. मग आठवड्यातल्या मधल्या एखाद्या दिवशी रात्री नऊला जाऊन किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा. विकल्या गेलेल्या पण न राहिलेल्या इमारतीला ते लपवता येत नाही. पाणी हेटवणे धरणाचं नळाने येतं की टँकरने, हे सोसायटीच्या हिशेबपत्रकात टँकरच्या खर्चावरून कळतं. विमानतळाजवळच्या इमारतींना उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाची ना-हरकत लागते. ती आणि भोगवटा प्रमाणपत्र दोन्ही पाहा, कारण या पट्ट्यात वरचे मजले भोगवट्याविना अडकू शकतात. जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची असेल तर हस्तांतराची परवानगी कोण आणणार आणि शुल्क कोण भरणार, हे करारात लिहून घ्या. भूखंड साडेबारा टक्क्यांचा असेल तर मूळ वाटपपत्रापासून आजपर्यंतचे सगळे कागद, वारसांच्या सह्यांसकट. यातला एखादा कागद 'नंतर देतो' असं बिल्डर म्हणाला, तर पैसेही नंतर द्या.